दुमडून धरायचं

पुण्याच्या प्रयोगशाळेत माझ्या हाती दिवसभर उंदरांच्या मेंदूचे पातळ काप असतात. त्यांवर अँटिबॉडीचा थेंब सोडायचा, काप धुवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. ती अँटिबॉडी पेशींवरच्या एकाच जातीच्या रिसेप्टरला जाऊन चिकटते आणि तिथे हिरवे ठिपके उजळतात. हा रिसेप्टर अंगाला ‘पुरे, थांब’ सांगणारा. तो बिघडला की साध्या आवाजानेही अंग ताठतं आणि सुटत नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं, पण उंदरांपुरतं.

भावाच्या मुलाचं बारसं आमच्या धाड गावी घरीच होतं. आत्या मी. पाळण्यात वाकून त्याच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. बाळ लाकडासारखं ताठ झालं.

“घाबरलं व लेकरू!” म्हणत बायका हसल्या. मग त्याचे ओठ निळे पडले.

एका शोधनिबंधात वाचलेलं आठवलं, तसं मी त्याला उचललं आणि डोकं नि पाय पोटाकडे दुमडून धरले.

“मान मोडशीन त्याची! काय करून राह्यली व?” आई ओरडली. तेवढ्यात त्यानं श्वास घेतला.

बाळाचा तोच रिसेप्टर बिघडलाय, हा माझा संशय बुलढाण्याच्या डॉक्टरांनी खरा ठरवला. औषध दिलं, वाढत्या वयात त्रास कमी होईल म्हणाले, तोवर झटका आला की असंच दुमडायचं. वहिनी लगेच शिकली. आई मात्र हात लावेना. “लेकरू काय लुगडं हाय घडी घालाले?”

निघताना वहिनी म्हणाली, “ताई, तुम्ही त्या उंदरांच्या मेंदूवर टाकता ते औषध आणा ना याच्यासाठी.”

“ते औषध नाही गं. त्यानं फक्त रिसेप्टर कुठे आहे ते दिसतं.”

“मंग काय कामाचं?”

मला तिचा राग आला.

पुढे एका दुपारी वहिनी बाजारात गेली होती आणि बाळ आईच्या मांडीवर होतं. गल्लीतून कुणाची तरी वरात निघाली आणि दारासमोरच फटाक्यांची लड लागली. बाळ ताठलं. घाबरलेली बाई जे करेल तेच आईनं केलं. त्याला सरळ छातीशी घट्ट धरलं आणि जीपकडे धावली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी आईशी कितीतरी दिवस बोलले नाही. तिची चूक नाही हे कळत होतं, तरी राग जात नव्हता. खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही.

आता वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. हेही बाळ तसंच निघू शकतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मागच्या खेपेला घरी गेले तेव्हा आई ओसरीवर बसली होती. मला बघून तिनं टॉवेलची गुंडाळी मांडीवर घेतली, एका हाताने वरचं टोक आणि दुसऱ्याने खालचं धरून दोन्ही हळूच जवळ आणली.

“असंच ना व?”

“अजून थोडं,” मी म्हणाले.

तिनं गुंडाळी सरळ केली आणि पुन्हा पहिल्यापासून दुमडायला लागली.