रचनाने पोरीसाठी निवडलेला अभ्यास

माझी धाकटी बहीण रचना हट्टी आहे, आणि हे मी कौतुकाने सांगत नाही. चौथीत असताना तिने बाईंना भर वर्गात सांगितलं होतं की तुमचा भागाकार चुकलाय. चुकलाच होता, पण बाईंनी तिला तासभर उभं केलं. दुसऱ्या दिवशी ही बया आपणहून उभी राहिली. का, तर म्हणे, "आजपण उत्तर तेच आहे." तेव्हापासून तिच्याशी वाद घालायचा तर पोटभर जेवून घालावा, असं आमच्या घरात म्हणतात.

तर अशा रचनाने गेल्या डिसेंबरात आपल्या पोरीला शाळेतून काढलं. पोरगी पायल, साडेपाच वर्षांची, सीनियर केजीत. वर्गात साठ मुलं. मधेच बाथरूमला जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून पायलचा फ्रॉक दोनदा वर्गातच ओला झाला. मुलं हसली आणि पायलने बोलणं बंद केलं, म्हणजे घरीसुद्धा. रचना भांडायला गेली तेव्हा शाळेने सांगितलं, "घरी ट्रेनिंग द्या." तिने दप्तर उचललं, पोरीचा हात धरला आणि दिवा स्टेशनजवळच्या गल्लीतून तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आली. आता घरीच शिकवणार म्हणाली. नवरा प्रफुल्ल शीळफाट्याच्या गोदामात सुपरवायझर, सकाळी सातला जातो तो अंधार पडल्यावर येतो. तो "तुला बरं वाटेल ते कर" म्हणाला. तो नेहमी तेच म्हणतो.

मी माया, कल्याणच्या महापालिका शाळेत बावीस वर्षं शिकवतेय. माझं डोकंच फिरलं. "होमस्कूलिंग हे घोडबंदरच्या टॉवरमधल्या बायकांचे चोचले आहेत, आपल्याला झेपणारे नाहीत," असं मी फोनवर ओरडून सांगितलं. पण माझं ओरडणं काहीच नाही. आमचे अप्पा, सीताराम, अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते, आता माझ्याकडे राहतात. आमच्या घरात देवघर नाही, पुस्तकांचं कपाट आहे. ताप आला तरी शाळा, घरात मयत झालं तरी तिसऱ्या दिवशी शाळा. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पोरीची जात, आणि शाळेतून काढली. जूनमध्ये पहिलीत नाव घातलं तर तिच्या घरी येईन. नाहीतर मला मुलगी एकच." मग त्यांनी रचनाचा फोन घेणं बंद केलं.

रचना फोनवर रडायची आणि फोन ठेवून परत अभ्यासक्रम शोधायला बसायची. ती रोज चार तास घरूनच एका डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचे फोन घेते. त्यातून उरलेल्या वेळात ठाण्याच्या होमस्कूलवाल्या आयांच्या ग्रुपवर प्रश्न विचार, नमुन्याची पानं प्रिंट कर, वहीत रकाने आख. पायल पुन्हा बोलू लागली होती, हे मात्र खरं. म्हणून रचनाला जूनच्या आत असा अभ्यासक्रम हवा होता, जो अप्पांच्या समोर ठेवून म्हणता येईल की बघा, शाळेत यापेक्षा काय जास्त होतं. तिच्या दृष्टीने सगळं त्यावर होतं. पोरगी घरी राहणार आणि अप्पाही राहणार, नाहीतर दोघांपैकी एक जाणार.

तिने ठरवलं होतं, प्रत्येक अभ्यासक्रम तीन आठवडे वापरून बघायचा. पहिला परदेशी, रंगीत मणी आणि कार्डांचा. त्यात मुलाने आपलं काम चटईवर मांडून ठेवायचं असतं. पायल पान लिहून झालं की ते जमिनीवर ठेवायची, उठायची, दोन पावलं मागे सरायची आणि मान खाली घालून उभी राहायची. आईने पान उचलून बघेपर्यंत हलायची नाही. रचनाला वाटलं, चटईच्या शिस्तीचा अर्थ पोरीने असा लावला. तिला ते आवडलं नाही, म्हणून तिने तो अभ्यासक्रम सोडला.

दुसऱ्यात अक्षरं नव्हतीच. गोष्टी, मातीकाम, मेणाचे खडू. पायलने मातीचा बैल केला, जमिनीवर ठेवला आणि मागे सरली. रचना म्हणाली, "अगं, हातात दे ना." पायलने नाही म्हणून मान हलवली.

तिसऱ्या वेळी मग सरळ पहिलीची सरकारी पुस्तकं आणि एक दगडी पाटी. पाटी पायलनेच मागितली होती. ती तिने कुठे पाहिली होती, ते तिला सांगता आलं नाही. रचनाने ठाण्यात टेंभी नाक्याच्या जवळच्या एका जुन्या दुकानातून आणली. पाटीवरही तेच, खाली ठेवायची आणि मागे सरायचं. तेव्हा तिने मला बोलावलं. "ताई, तू रोज पन्नास पोरं बघतेस. हे काय असतं गं? शाळेत मारलं असेल का तिला?"

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मी दिव्याला गेले. टँकर आला होता, म्हणून अख्खी बिल्डिंग हंडे-ड्रम घेऊन खाली होती. तिसरा मजला चिडीचूप. समोरच्या फ्लॅटला पहिल्यापासून कुलूप. रचनाच्या घराला दोन दारं आहेत, आतलं लाकडी आणि बाहेरचं जाळीचं. अभ्यासाच्या वेळी पायल लाकडी दार उघडं ठेवायला लावते, असं रचना म्हणाली. वारा येतो, म्हणून तिनेही कधी अडवलं नव्हतं.

मी पायलला बेचा पाढा म्हणायला सांगितला. बे एके बे. ती थांबली. बे दुणे चार. पुन्हा थांबली. मला वाटलं आठवतेय. पण ती आठवत नव्हती. मागच्या बाकावरचं पोर रेंगाळलं की पुढच्या पोराला त्याच्यासाठी थांबावं लागतं. ते थांबणं मी बावीस वर्षं बघतेय, माझी त्यात चूक होणार नाही. पायल कोणाचं तरी म्हणून होईपर्यंत थांबत होती.

"कोणासाठी थांबतेस गं?"

"तिच्यासाठी." तिने जाळीकडे बोट दाखवलं.

मी उठून बघितलं. जिना मोकळा होता. "कोण आहे तिथे?"

"बसलीय ना. ती आत नाही येत, मावशी. ती म्हणते, इथून ऐकू येतं."

आम्ही भूतखेत मानत नाही. बौद्ध दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातल्या आहोत. अंगारे-धुपारे करणाऱ्या शेजारणींची मी आयुष्यभर टिंगल केलीय. पण स्पष्टच सांगते, त्या दुपारी मला भीती वाटली. मी जाळीचं दार उघडलं नाही. लाकडी दार लोटून घेतलं, तर पायल ओक्साबोक्शी रडायला लागली. "तिला काही दिसत नाही मग! तिचं चुकेल!" रचनाने दार पुन्हा उघडलं, तेव्हा कुठे ती शांत झाली.

"बघ," मी रचनाला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, "एकटं ठेवून ठेवून पोरीने खोटी मैत्रीण केलीय. अजून कसले अभ्यासक्रम बदलतेस? तिला मुलांत सोड."

रचना पहिल्यांदाच भांडली नाही. ओट्याला टेकून म्हणाली, "ताई, मलापण तसंच वाटायचं. पण खोटी मैत्रीण पोरं खेळायला करतात गं. ही फक्त अभ्यासाला येते."

मी घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. खरं तर त्यांना चिथवायलाच सांगितलं, हे कबूल करते. पाटीचं तेवढं सांगायचं राहिलं, मला ते त्या जाळीपुढे किरकोळ वाटलं होतं. अप्पा म्हणाले, "चल. उद्याच तिला घेऊन येऊ आणि इथल्या शाळेत घालू." तीन महिन्यांनी त्यांनी दिव्याला जायला कपाटातून कपडे काढले.

रविवारी सकाळी आम्ही पोहोचलो, तेव्हा पायल लिहीत होती. रचनाने आपली रकान्यांची वही, तिन्ही अभ्यासक्रमांचे नमुने, सगळं टेबलावर मांडलं होतं. बिचारीने पुढे ओपन स्कूलची परीक्षा कशी देता येते त्याचासुद्धा कागद काढून ठेवला होता. अप्पांनी तिकडे बघितलंही नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "रचना, पोरीचे कपडे भर."

"अप्पा, एकदा बघा तरी ती काय शिकलीय."

पायलचं लिहून झालं होतं. तिने पाटी जमिनीवर ठेवली, अप्पांच्या पायांपासून हातभर दूर. उठली, दोन पावलं मागे सरली आणि मान खाली घालून उभी राहिली.

अप्पांनी खुर्चीची पाठ धरली. मग फार हळू विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं, बाळ?"

"ती अशीच दाखवते."

"पुसते कशाने?"

मला प्रश्नाचा अर्थच कळला नाही. पायलला कळला. तिने डाव्या हाताचं कोपर हवेतच गोल फिरवून दाखवलं आणि मग त्याच हाताच्या मनगटाने नाक पुसलं. हे असं नाक पुसणं पायलचं नव्हतं.

अप्पा खाली बसले. शहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे वाकत नाहीत, तो फरशीवर बसला. आणि आम्हा दोघी बहिणींना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आम्हाला एक आत्या होती.

"मंजुळा," अप्पा म्हणाले. "माझ्याहून सात वर्षांनी मोठी. नगरकडं गावी शाळेच्या पडवीत बसायची. आत आपल्या पोरांना घेत नव्हते. मास्तर पाटीला हात लावायचा नाही. पाटी खाली ठेवायची, मागं सरायचं. मास्तर लांबूनच वाकून बघायचा, आणि चुकलं तर खडा मारायचा. दीड वर्ष शाळेत गेली ती. मग मी झालो. आई-बाप कामाला, मला सांभाळायला कोण? बापानं तिला शाळेतून काढली. माझ्यासाठी काढली. मी चार वर्षांचा होतो तोवर मला कडेवर घेऊन पाटी गिरवायची, कोपरानं पुसायची, ते मला आठवतं. घरी आईला दाखवतानासुद्धा पाटी खाली ठेवून मागं सरायची. तिला वाटायचं, पाटी दाखवायची रीतच ती. मग तापानं गेली. मी शाळेत गेलो, आत बसलो, नोकरीला लागलो. कोणाला सांगू? काय सांगू?"

रचना रडत होती. मीही. अप्पा रडत नव्हते, ते जाळीकडे बघत होते.

मी पाटी उचलून त्यांच्या हातात द्यायला वाकले, तर पायल म्हणाली, "आधी तिची बघा, आजोबा. ती कधीची उभी आहे."

अप्पा भिंतीला धरून उठले. त्यांनी जाळीचं दार सताड उघडलं. मी त्यांच्या मागे होते, बाहेर कोणी नव्हतं, ही माझी साक्ष. समोरचं कुलूप, रिकामा जिना, खालून पाण्याच्या मोटरचा आवाज. अप्पांनी उंबऱ्यावरून दोन्ही हात पुढे केले, ओंजळ धरतात तसे.

"खाली नको ठेवू," ते म्हणाले. "हातात दे."

ते तसेच उभे राहिले. मग त्यांचे हात किंचित खाली आले, आपल्या हातात कोणी काही ठेवलं की येतात तेवढेच. मी काहीही मानत नाही. पण मी ते पाहिलं आणि रचनानेही पाहिलं. अप्पांनी हात चष्म्याजवळ आणले आणि पुष्कळ वेळ बघत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळं बरोबर आहे, ताई. एकपण चूक नाही. आता आत येऊन बस."

ते दारातून बाजूला झाले. पायलने आपली पुस्तकं जवळ ओढली आणि सतरंजीवर सरकून शेजारी जागा केली.