जीपला ब्रेक नव्हता

माझ्या सासूबाईंना मी लग्नाच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. लातूरच्या एका थिएटरात, पडद्यावर. त्या पुढे माझ्या सासूबाई होणार आहेत हे तेव्हा मला कुठून ठाऊक असणार?

मारधाडीच्या एका हिंदी चित्रपटमालिकेचा तो दुसरा भाग होता. हिरो जीपमधून पळत असतो, मागे गुंड लागलेले असतात, समोर पूल असतो. पूल ओलांडला की तो सुटणार असतो. तेवढ्यात डोक्यावर मेथीची पाटी घेतलेली एक बाई रस्त्यात येते. ती इकडेतिकडे बघत नाही, आपल्या चालीने चालत राहते. हिरो करकचून ब्रेक मारतो आणि ती पलीकडे जाईपर्यंत स्टिअरिंगवर हात ठेवून थांबतो. तोवर गुंड त्याला गाठतात. पुढची सगळी हाणामारी, त्याच्या खांद्यात लागलेली गोळी, सगळं त्या थांबण्यामुळे घडतं. थिएटरात शिट्ट्या पडल्या त्या गोळीबाराला नाही, त्या ब्रेकला. या मालिकेच्या प्रत्येक भागात तो असा कुणासाठी तरी थांबतो आणि त्यापायी मार खातो. आम्ही मुली ते बघायलाच जायचो.

लग्न होऊन मी पुण्याजवळच्या मोशीला आले आणि पहिल्याच आठवड्यात धाकट्या दिरांनी टीव्हीवर तो प्रसंग लावून चित्र थांबवलं. म्हणाले, "वहिनी, नीट बघा." मी बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बघितलं. हातातला चहा सांडला ते मला कळलंही नाही. सासूबाई पदराने तोंड झाकून हसत होत्या.

शूटिंग इंद्रायणीकाठच्या रस्त्यावर झालं होतं. इथे अजून शेतं होती तेव्हाची गोष्ट. गर्दीसाठी गावातलीच माणसं उभी केली होती. सासूबाई त्यात नव्हत्या. त्या वावरातून खरीखुरी मेथी घेऊन घरी निघाल्या होत्या. कुणीतरी त्यांना थांबवून सांगितलं, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत चालायचं, गाडीकडे बघायचं नाही. त्या चालल्या. जीप आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्या चाचांची होती आणि लांबून घेतलेल्या दृश्यात ती चालवलीही त्यांनीच, कारण ती जुनी जीप हिरोला आवरत नव्हती. म्हणजे खरा ब्रेक मारला तो चाचांनी. हा किस्सा आमच्या घरी कितीदा झाला असेल. चाचा म्हणायचे, "वहिनी जरासुद्धा बिचकल्या नाहीत. माझाच जीव गेला होता." यावर सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "मला चालाया सांगितलं हुतं. म्या चालले."

मागच्या दिवाळीच्या सुमारास त्या मालिकेवर गेम निघाला. दीर तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला आहेत, त्यांना असल्या खेळांची भारी हौस. जाहिरातीत त्यांना पूल दिसला, जीप दिसली, गर्दी दिसली, आणि त्यांनी घरात जाहीर केलं की आई आता गेममध्येही आहे. रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर बघायचं ठरलं. माझ्या नवऱ्याला चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम लागला होता, तो काही येऊ शकला नाही. चाचा मात्र आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सासूबाईंनीही साडी बदलली होती. मला त्याचं हसू आलं, पण मीही केस विंचरून बसले होते.

सुरुवातीलाच हिरोचा चेहरा आला. मेणाचा असावा तसा तो चेहरा होता आणि डोळ्यांची पापणी लवत नव्हती. चाचांनी हळूच विचारलं की याला काय झालंय. चित्रपटांत हा माणूस फारसं बोलत नाही. इथे मात्र प्रत्येक ठोशानंतर एकच बढाईखोर वाक्य पुन्हा पुन्हा फेकत होता, तेही भलत्याच कुणाच्या आवाजात. एक गुंड मार खाऊन भिंतीत कमरेपर्यंत घुसला आणि तिथेच अडकून पाय झाडत राहिला. तो मरेना, सुटेना, आणि तो मेल्याशिवाय गेम पुढे सरकेना. दिरांनी सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. म्हणाले, "नवीन आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. पुलाचा भाग बघा, तो भारी आहे म्हणतात."

पुलाचा भाग आला. आधी नुसती वाळू दिसली. मग खजुराची झाडं, एक घुमट, आणि रस्त्याच्या कडेला बसलेले उंट. गावाच्या नावाच्या पाटीवर मोशी लिहायचा प्रयत्न केलेला होता, पण काने-मात्रे अक्षरांपासून सुटून बाजूला पडले होते.

सासूबाईंनी विचारलं, "हे कोणतं गाव म्हनायचं?"

"आपलंच आहे आई."

"आन नदी?"

दिरांनी पुलाखालचा निळा पट्टा दाखवला. तेवढ्यात जीप कठड्यातून आरपार गेली, त्या निळ्यावर उतरली आणि फरशीवरून धावावी तशी धावत पुन्हा रस्त्यावर आली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. हसावं की काय करावं कळेना.

मग गर्दी आली. सगळ्या बायकाच होत्या, आणि सगळ्यांना एकच चेहरा होता. तीच लाल साडी, डोक्यावर तीच पाटी. जीप आपली आपण पळत होती. डावीउजवीकडे वळवायचं आणि गोळ्या मारायच्या, असलंच काय ते खेळणाऱ्याच्या हातात होतं. दिरांनी वाचवायला म्हणून डावीकडे घेतलं, तर तिकडेही तीच बाई. जीप तिच्यावर गेली. ती वर उडाली, पाटी डोक्याला चिकटलेलीच, आणि आवाज न करता खाली पडली. कुठेतरी घंटा वाजली आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाढला.

क्षणभर मला वाटलं, दिरांची चूक झाली असेल. पण पुन्हा घंटा वाजली, मग पुन्हा. दीर जीव तोडून वळवत होते, तरी पुढे बायका येतच होत्या. पूल जवळ आला तेव्हा त्याचं फाटक बंद होतं आणि पडद्यावर सूचना आली की उद्दिष्ट अपुरं आहे, पुन्हा प्रयत्न करा. दिरांनी ती वाचून दाखवली. त्यांनी बायका चुकवल्या होत्या म्हणून गेम त्यांना पुढे सोडत नव्हता.

सासूबाईंनी पाय वर घेतले होते. रस्त्यावरून बाजूला व्हावं तशा त्या सोफ्याच्या कोपऱ्यात सरकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "थांबव त्याला."

"थांबवता येत नाही, आई."

"ब्रेक न्हाई?"

"दिलेलाच नाही."

चाचा उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले. जीप पुन्हा सुरुवातीपासून निघाली होती. मी दिरांच्या हातातून रिमोट घेतला आणि दिसेल ते बटण दाबत सुटले. एका बटणाने गोळी सुटली, दुसऱ्याने जीपने उडी मारली, तिसऱ्याने हॉर्न वाजला. हॉर्न ऐकून एकही बाई बाजूला झाली नाही. समोर ती लाल साडी आली आणि मी डोळे मिटले. घंटा मात्र ऐकू आलीच. शेवटी दिरांनीच वाकून मधलं बटण दाबलं आणि सगळं होतं तिथे गोठलं. जीप, उंट, आणि हवेत आडवी झालेली ती बाई.

"झालं, थांबलं," दीर म्हणाले.

सासूबाईंनी मान हलवली. "तसं न्हाई. त्यानं थांबाया पायजे."

दिरांनी टीव्ही बंद केला. चाचांनी चहा अर्धाच ठेवला आणि चपला घालताना, आम्हाला समजवावं तसं म्हणाले, "माझ्या जीपचे ब्रेक चांगले होते." संध्याकाळी नवरा आला, त्याला सांगितलं. खेळ आहे तो, एवढं काय मनावर घ्यायचं, असं तो म्हणाला. मग दिरांनी त्याला तो भाग दाखवला. आईकडे न बघता तो हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. तळवड्यातच एका छोट्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बिलं करते. जेवणाच्या सुट्टीत गेमचा विषय निघाला, मी न काढताच. हिरोच्या तोंडाला, भिंतीत अडकणाऱ्या गुंडांना सगळे शिव्या घालत होते. पुलाच्या भागाला मात्र कुणी नावं ठेवली नाहीत. तेवढंच काय ते मजेशीर आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. एकाने तर कुठल्या बाजूने गेलं की जास्त बायका सापडतात तेही सांगितलं. हीच माणसं रोज माझ्याबरोबर डबा खातात. माझा ताप उतरेना तेव्हा यांनीच मला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. मी डबा बंद केला.

शेजारी बसलेल्या मुलीला मी विचारलं, "सिनेमात तो थांबतो, आठवतं का तुला?"

तिने जरा आठवून बघितलं. "हो की. पण गेममध्ये थांबलं तर बोअर होईल ना, ताई."

ती चांगली मुलगी आहे. ती बाई कोण होती हे मी तिला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते अजून मला कळत नाही. सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, आणि तरीही तिला ते थांबणं कळलं नसतं, याचीच बहुधा मला भीती वाटली.

दिरांनी गेम काढणाऱ्यांना लिहून पाठवलं. आईचं नाव न घालता, फक्त एवढंच की हा हिरो थांबणारा आहे, त्याला थांबता आलं पाहिजे. तुमचा अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो, असं उत्तर आलं. दीर म्हणाले, असं उत्तर सगळ्यांनाच जातं. आम्ही विषय सोडून दिला.

थंडी संपत आली तेव्हा गेमची सुधारलेली आवृत्ती आली. दिरांनी आम्हाला हाक मारली. पाटीवरची अक्षरं जागेवर आली होती, मोशी आता मोशी वाचता येत होतं. जीप पाण्यावरून धावत नव्हती. हिरोच्या पापण्याही लवत होत्या. आणि रस्ता रिकामा होता. एकही माणूस नाही, बाई नाही, कडेचा उंटसुद्धा नाही. फाटक उघडंच होतं. जीप सरळ सुटली आणि बघता बघता पूल ओलांडून गेली.

आमच्यासारखी आणखी कुणाकुणाची तक्रार गेली असणार. त्यावर हा उपाय त्यांना सुचला होता. बायका उडवल्या म्हणून लोक ओरडले, तर बायकाच काढून टाकल्या. ब्रेक अजूनही दिलेला नव्हताच. पहिल्या दिवशी बसला नव्हता एवढा धक्का मला त्या मोकळ्या रस्त्याने बसला. त्या दिवशी निदान तिथे कुणीतरी होतं.

चाचांना हे दिरांनी गॅरेजवर जाऊन सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की मग गुंड त्याला गाठत नसतील. दीर म्हणाले, नाही गाठत. गोळीही लागत नसेल. नाही लागत. चाचा म्हणाले, मग याच्यात हिरो कोण आहे? दिरांनी घरी येऊन तो गेम काढून टाकला.

सासूबाईंना मात्र बरं वाटलं होतं. आता कुणाला लागत न्हाई, एवढं म्हणून त्या भात बघायला आत गेल्या. मला ते सोसेना. मी त्यांच्या मागे गेले आणि विचारलं, "आई, त्यांनी तुम्हाला काढून टाकलं, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

त्यांनी कुकरखालचा गॅस बारीक केला. "ती म्या न्हवतेच गं," त्या म्हणाल्या. "म्या चालत हुते. ती नुसती गाडीखाली याया उभी केलेली."

मग त्यांनी मला लसूण सोलायला दिला.