लाल शाईचा निकाल

शब्द माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कार्डावर उतरवायचा नाही, हा कुलकर्ण्यांचा नियम. आखातातल्या आमच्या कंपनीत ते ड्राफ्ट्समन. पण जीव सगळा बिस्किटांच्या डब्यातल्या त्या कार्डांत. वेगवेगळ्या भाषांत सारखे दिसणारे शब्द ते गोळा करत आणि खाली लाल शाईने निकाल देत : ‘नातं आहे’ किंवा ‘नातं नाही’. मीही कुलकर्णीच. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमची इमारत एक, ऑफिसला जायची गाडीही एक. कुणी “भाऊ का?” विचारलं की ते ताबडतोब म्हणत, “आडनाव सारखं. नातं नाही.” मला ते दर वेळी लागायचं.

दोन हजार आठची मंदी आली आणि कपातीच्या पहिल्याच यादीत त्यांचं नाव लागलं. व्हिसा रद्द. महिन्याभरात दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश सोडायचा, आणि मुलीचं दहावीचं वर्ष! मी चार जणांच्या हातापाया पडून सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत त्यांचा इंटरव्ह्यू ठरवला. हा गृहस्थ गेलाच नाही. रग्बी खेळायला सामोआचा संघ आला होता. त्यांच्या हॉटेलच्या लॉबीत सकाळपासून जाऊन बसला.

“अहो, ‘ताला’ चार वर्षं अडला होता,” संध्याकाळी मलाच सांगतात. “हिंदीत कुलूप, अरबीत ‘तआल’ म्हणजे ये, आणि सामोआत चलन. खेळाडूने स्वतः सांगितलं, डॉलरवरून आलाय. म्हणजे तिघांचं एकमेकांशी नातं नाही. खलास!”

“आणि इंटरव्ह्यू?” मी ओरडलोच.

“मॅनेजरला फोन केला ना, उद्या येतो म्हणून. तो म्हणाला, इन्शाल्ला.”

इथल्या इन्शाल्लाचा अर्थ ‘विसरा आता’ असाच, हे मला कळत होतं. वहिनींनाही. त्या लगेच मुलीची पुस्तकं खोक्यात भरू लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

महिना नोकरीविना संपला. विमानतळावर त्यांच्या सामानाचं वजन जास्त भरलं. कार्डांचा डबा काढावा लागला. तो कुणाकडे द्यायचा म्हणून काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, “हू इज ही?”

“ब्रदर!” मी वैतागून म्हणालो. “यल्ला, आटपा कुलकर्णी, द्या तो डबा इकडे.”

महिन्याने पुण्याहून पाकीट आलं. मुलीच्या शाळेबद्दल, नोकरीबद्दल एक अक्षर नाही. आत एकच कार्ड. त्यावर आमचं आडनाव दोनदा आणि खाली लाल शाईने : ‘नातं आहे. प्रत्यक्ष तोंडून ऐकलं.’