तिसऱ्या प्रश्नाचे मास्तर

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका छळवादी सज्जन सबंध वऱ्हाडात झाला नाही. नातवंडांनो, हे मी पुष्कळ माणसं आणि दोन भाषांतली पुष्कळ पुस्तकं पाहून सांगते आहे. मी आठ-नऊ वर्षांची होते तेव्हा अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आमच्या कापसाचा भाव चढला होता आणि त्यामुळे अमरावतीतला प्रत्येक माणूस स्वतःला शहाणा समजू लागला होता. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली, ज्यांना वेळ पाहता येत नव्हती त्यांच्या भिंतीवर घड्याळं आली. मास्तरांचा अंगरखा तेवढा होता तसाच राहिला.

मास्तरांच्या मते प्रश्न तीन जातींचे. पहिला वेचणीचा, म्हणजे समोर दिसतं ते उचलून द्यायचं. दुसरा चरकीचा. चरकीतून जशी सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे पडते, तसं कारण वेगळं काढायचं. तिसरा सुताचा, म्हणजे जे कुठेच तयार नाही ते आपल्या डोक्याने कातायचं. "नुसतं वेचणं बकरीलाही येतं," असं ते म्हणत. हे त्यांनी शाळेपुरतं ठेवलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं, पण ते गावभर विचारत फिरायचे. भाजीवालीला वांगी कुठली, महाग का, आणि वांगी पिकलीच नसती तर तिने काय केलं असतं, असं क्रमाने विचारून ते रिकाम्या पिशवीने घरी येत. एका लग्नात बोहल्याकडे निघालेल्या नवरदेवाला त्यांनी विचारलं, हुंडा ठरला नसता तर हीच मुलगी केली असती का? नवरदेव खरोखरच विचार करू लागला. मुहूर्त टळता टळता राहिला. तेव्हापासून आमंत्रण फक्त त्यांच्या बायकोला येई. ती आईला म्हणे, घरात मात्र यांचा एकच प्रश्न, जेवायला काय आहे.

शाळा भरे ती एका शेठजींच्या वखारीच्या पडवीत. शेठजींना तिथे कापसाच्या गाठी रचायच्या होत्या, म्हणून वार्षिक परीक्षेला ते खूश झाले तरच शाळा राहणार होती. माझे वडील कचेरीत कारकून. त्यांनी मास्तरांना आदल्या दिवशी बजावलं, उद्या फक्त वेचणी. मास्तरांनी शब्द दिला.

परीक्षेच्या दिवशी पाहुण्यांत मी वडिलांना टेकून बसले होते. मुलांनी नद्या म्हटल्या, पाढे म्हटले, शेठजी डोलले. मग त्यांनाच हुरूप आला आणि त्यांनी विचारलं, अमेरिकेतले लोक कावून लढून राहिले? एक मुलगा ताडकन म्हणाला, "आपल्या कापसाले भाव यावा म्हून." सगळ्यांनी शाबासकी दिली, शेठजींनी खडीसाखर दिली. मास्तरांनी मान खाली घातली, पागोटं सारखं केलं, उपरण्याचं टोक चावलं. वडिलांनी डोळे वटारले. मला वाटलं, पाळला शब्द. तेवढ्यात मास्तर अगदी हळू म्हणाले, "आणि ती लढाई उद्या थांबली तर?"

 मागच्या रांगेतला, नांदगाव खंडेश्वरहून मामाकडे शिकायला आलेला एक मुलगा उठला.

"मास्तर, आमच्या बानं औंदा ज्वारी पेरलीच नाही. साऱ्या वावरात कापूस लावला. भाव पडला त आमी खाऊ काय?"

मुलगा रडकुंडीला आलेला आणि मास्तरांचा चेहरा आनंदाने फुललेला. मला त्यांचा रागच आला. शेठजी उठले.

"मास्तर, तुमाले पोरं शिकवाले जागा देल्ली, अपशकुन कराले नाही."

आठ दिवसांत पडवीत गाठी लागल्या. मास्तर बायकोला घेऊन बैलगाडीने अकोल्याच्या रस्त्याला लागले. वडील म्हणाले, चला, आता लग्नं वेळेवर लागतील.

पुढे लढाई थांबली आणि कापसाचा भाव कसा बसला, ते तुम्ही इतिहासात वाचलंच असेल. त्या साली एका सकाळी नांदगावच्या त्या मुलाचा बाप गाडीत ज्वारीचं पोतं घालून आमच्या दारात उभा राहिला. पोराचं बोलणं मनाला लागून त्याने पुढच्या पेरणीला निम्म्या वावरात ज्वारी घातली होती, तेव्हा सारं गाव त्याला हसलं होतं.

"मास्तरले द्याचं हाय," तो म्हणाला. "अकोल्यात कुठं रायते ते?"

वडिलांनी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. मास्तर निघाले तेव्हा आम्ही सगळे दारात उभे होतो, पण कुठे राहणार, एवढं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्याने पोतं गाडीत नीट सरकवलं. मग "पायतो इचारत इचारत" म्हणाला आणि त्याने बैल अकोल्याकडे वळवले.