शेजारी ठेवलेलं विरजण

आक्का पेशींशी बोलायच्या. अंगात पांढरा कोट, डोळा सूक्ष्मदर्शकाला आणि तोंडानं चाललेलं, "उठा गं बायांनो, ऊन वर आलं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय! केजमधल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. पण मॅडम म्हटलेलं त्यांना खपत नसे.

चावलेला साप फुरसंच का, हे थेंबभर रक्तावरून सांगणारी चाचणी आम्हाला बनवायची होती. त्यासाठी फुरशाचं विष ओळखणारी प्रतिपिंडं हवीत. ती तयार करणाऱ्या उंदराच्या पेशी काचेत फार दिवस जगत नाहीत, म्हणून न मरणाऱ्या कर्कपेशींशी त्यांचा संकर करायचा. आक्का त्याला सोयरीक म्हणत. "बहुतेक मोडत्यात गं. टिकली ती जपायची." माझ्या पीएचडीच्या सगळ्या खटाटोपात एकच टिकली.

द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत आम्ही ती गोठवून ठेवली, तर आक्कांनी त्यातल्या दोन कुप्या उचलून थेट युसूफ वडगावच्या गुरांच्या दवाखान्यात नेल्या. कृत्रिम रेतनासाठी वळूंचं वीर्य गोठवून ठेवायला तिथेही तसाच नायट्रोजन असतो. मला हसू आवरेना.

"अहो आक्का, देवणी वळूंच्या शेजारी?"

"हसतीस कावून? घरचं विरजण नासलं की वाटी घेऊन शेजारीच पळतीस ना? मग आपलं बी तिथं असाया पाहिजे."

पुढे त्या निवृत्त होऊन लातूरला लेकीकडे गेल्या. यंदा उन्हाळ्यात आमची टाकी गळली आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. झाकण उघडलं तर नेहमीचा पांढरा धूर नाही, आत सगळं कोरडं. आमच्या सगळ्या कुप्या गेल्या होत्या. मग एकदम ते वळू आठवले, आणि मी युसूफ वडगावची जीप गाठली.

तिथल्या डॉक्टरांनी हसतच एक कुपी नायट्रोजनच्या छोट्या भांड्यात घालून दिली. "आक्का अजून फोन करत्यात. पोरी बऱ्या हायत का म्हणून इचारत्यात."

चार-पाच दिवसांत पेशी वाढीला लागल्या, गोल, चकचकीत. तपासलं, प्रतिपिंडं विषाला बरोब्बर चिकटत होती. आक्कांना फोन लावला आणि रडत रडतच सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उसन्या कुपीच्या जागी नवी भरून परत ठेवलीस का?"

"अजून न्हाई, आक्का."

"मग आधी ठेवून ये. लई लांब न्हाई वडगाव. रडायचं काय, मागनं रडता येतंय."