पाय

साल दोन हजार बावीस, माझं वय एकाहत्तर. निदान आधार कार्डावर तरी तेवढंच. त्याच साली मुलगा चाकणजवळचं महाळुंग्याचं घर सोडून पिंपळे गुरवच्या फ्लॅटात राहायला गेला आणि माझी अडीच वर्षांची नात घेऊन गेला.

तोवर ती दिवसभर माझ्याकडंच असायची. मुलगा आणि सूनबाई दोघं कंपनीत, माझी बायको आधीच गेलेली. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण पोर सांभाळायला शाळा लागत नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. सूनबाईनं शी-शूसाठी प्लास्टिकचं भांडं आणलं, ते मी माळ्यावर फेकलं. आमच्यात पोर पायावर बसवतात. जमिनीवर बसायचं, पाय लांब करायचे, दोन पावलांवर पोर बसवायचं आणि तोंडानं 'शूऽऽ' करायचं. हे बायकांचं काम. मी करतोय म्हणून शेजारचा हसला, "काय आबा, बाळंतीण झाला का?"

"व्हय, झालो. तुज्यानं हुईल का?"

दीड वर्षाची व्हायच्या आत पोरगी शिकली. लागली की खेळ टाकून यायची, माझ्या नडगीवर थाप मारायची आणि म्हणायची, "पाय." चड्डी कधी ओली नाही. मी गावभर सांगत हिंडलो.

पिंपळे गुरवला तिला बालवाडीत घातली. पहिल्याच दिवशी ती बाईंना म्हणाली, "पाय." बाईंना वाटलं, पाय दुखतोय. त्या बिचारीनं बूट काढला, मोजा काढला, तळवा चोळला, वर मलम लावलं. पोरगी "पाय, पाय" करत रडली आणि तिथंच ओली झाली. तेव्हापासून ती सांगेनाच. दाबून धरायची. चार-चार दिवस शी नाही. डॉक्टरचं औषध सुरू झालं.

सूनबाईचा फोन आला, "आबा, येऊन जा. तुमचं ऐकंल ती."

मी ताठ मानेनं गेलो. शेवटी आबाच लागतो म्हटलं. दारात चप्पल काढतोय तोवर पोरगी धावत आली, नडगीवर थाप मारली. "आबा, पाय."

मी तिथंच फरशीवर बसायला लागलो, तर सूनबाई आडवी आली. "आबा, हात जोडते. आज तुम्ही बसवाल. उद्या शाळेत कोण पाय देणार तिला?"

"मी यीन की शाळंत!"

मुलगा हसला नाही. "आबा, तिचं पोट बघा जरा."

मी हात लावला. पोट दगडासारखं. तिनं माझा हात ढकलला, एवढं दुखत होतं.

मी मांडी घातली, पाय धोतराखाली घेतले. "न्हाई माय. भांड्यावर बस."

तिला वाटलं, मी खेळतोय. हसली. मग धोतराखाली हात घालून पाऊल बाहेर ओढायला लागली. दोन्ही हातांनी. "आबा, पाय. आबा, पाय." उभ्या जन्मात मी कुणापुढं वाकलो नाही, पण त्या बोटांकडं बघवेना. भिंतीकडं तोंड केलं. सूनबाईनं तिला उचलून भांड्यावर बसवली. खूप रडली. मग झाली एकदाची.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती माझ्याकडं बघत होती, म्हणून मीही वाजवल्या. पण ती माझ्याकडं आली नाही. आईच्या खांद्यावर हुंदके देत झोपली.

जेवताना मुलगा म्हणाला, "आठवडाभर राहा, आबा."

मी समोर दिसलो की ती पुन्हा मागणार, आणि दुसऱ्यांदा नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उठायच्या आत, मी पिशवी उचलली, दार हळूच ओढून घेतलं आणि भोसरीवरून चाकणची बस धरली.