कासववाली शिकारीण

"उभी राहिलीस? कुत्रा अंगावर येतोय आणि तू उभी राहिलीस?"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत! त्यांनाही कळू दे, ह्या घरात एक बाई आहे, तिला पाय दिलेत ते पुतळ्यासारखं उभं राहायला!"

"पळाले असते तर मागून धरलं असतं त्याने."

"आणि पुढून धरलं ते फार बरं झालं! दाखव हात. दाखव म्हणते ना!"

आईने डावा हात पुढे केला. दवाखान्यात टाके नि सुई झाली होती, पण लेकीचा कुणाच्या कामावर विश्वास नसे. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने पट्टी सोडली, जखम बघितली, आणि एकेक टाका मोजायला लागली. तिचं हे मोजणं आईला ओरडण्यापेक्षा जड गेलं.

"पण तुला हे शिकवलं कोणी?" पट्टी पुन्हा गुंडाळताना लेकीने विचारलं. "उभं राहायचं म्हणून?"

आईने पट्टीचं टोक अंगठ्याने दाबून धरलं.

आई पाण्याचे मीटर वाचायची. लेक पाळण्यात होती तेव्हापासून हेच काम. गल्लोगल्ली तिला मीटरबाई म्हणत, आणि लाडात आली की लेकही तसंच म्हणे. काम तसं साधं. अंगणात जायचं, जमिनीतलं लोखंडी झाकण आकडीने उचलायचं, उकिडवं बसून फडक्याने काच पुसायची आणि आकडा वाचायचा. पण उकिडवं बसलं की माणसाचं तोंड बरोबर कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, आणि पाठ दाराकडे असते. हे तिच्या दोन वर्षांपूर्वीपर्यंत कधी ध्यानातही आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका कुत्र्याने तिला पाडलं. चावला नाही. नुसता छातीवर पाय देऊन उभा राहिला. त्याची लाळ तिच्या हनुवटीवर पडत होती आणि मालक आत फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होता. ते बोलणं संपेपर्यंत ती श्वास रोखून तशीच पडून होती. उठली, कपडे झटकले, आकडा वाचला आणि पुढच्या घरी गेली. भीती नंतर आली, मागून, सावकाश. कडी वाजवताना बोटं गार पडायला लागली. साखळीचा आवाज झाला की ती दोन पावलं मागे सरायची. कुणाच्या हातातल्या किल्ल्या खुळखुळल्या तरी ती भिंतीला टेकायची.

लेकीने मग तिला घरातल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"हा खेळ बघ. जगभरचे लोक एकाच वेळी खेळतात. त्यात तू शिकारीण. तुझ्याबरोबर कायम एक जनावर असणार, तू माणसाळवलेलं. ते फक्त तुझं ऐकणार. भीती मोडेल तुझी."

"कुत्रा नको हं."

"कुत्रा नको, वाघ घे. अस्वल घे."

आईने कासव घेतलं. का, तर ते भुंकत नाही. नाव ठेवलं साहेब, कारण ऑफिसातल्या साहेबांसारखंच तेही तिसऱ्या हाकेला मान बाहेर काढायचं. कामावरून आल्यावर चहाचा कप बाजूला ठेवून ती हुकूम सोडायची, "साहेब, इकडे या. साहेब, बसा." लेक हसून हसून लोळायची. पण एक गोष्ट मात्र आईला काही केल्या जमेना. ह्या खेळात जनावराने पुढे होऊन मार खायचा असतो, आणि शिकारणीने लांब उभं राहून बाण मारायचे असतात. आईचं सगळं उलटं. समोर राक्षस दिसला रे दिसला की तिचं बोट शिट्टीच्या बटणावर जायचं, कासव मागे यायचं आणि मार ती स्वतः खायची.

बरोबर खेळणारे वैतागायचे. हेडफोनमधून कुणीतरी ओरडायचं, "अहो काकू, साहेबांना पुढे पाठवा ना!"

"साहेब कधी पुढे जातात का?" आई म्हणायची, आणि सगळे हसायचे. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. आपल्या जिवावर असलेलं जनावर चावून घेताना तिला बघवत नसे.

मग मागच्या रविवारी लेकीने हट्टच धरला. लांडगी माणसाळवायची. लांडगी म्हणजे कुत्र्याचीच मोठी बहीण, आई कॉम्प्युटर बंद करायला निघाली. लेक शेजारी खुर्ची ओढून आपल्या लॅपटॉपवर बसली. खेळात ती वैद्यीण होती. हिरवा उजेड सोडून जखमा भरायची.

"ऐक आई. ती धावत येईल. चावेल. चावू दे. पडद्यावरची निळी रेघ भरेपर्यंत हलू नकोस. हललीस की गेलं सगळं. घाबरट लोक पळतात आणि म्हणूनच मरतात. मी आहे ना मागे."

लांडगी आली. पडद्यावर दात दिसले, रक्त उडालं, आईच्या घशातून बारीक आवाज निघाला, पण ती हलली नाही. रेघ भरली. लांडगी गपकन खाली बसली. आईने मांसाचा तुकडा टाकला, तिने तो खाल्ला आणि शेपटी हलवली. आई रडली. लेकीने टाळ्या वाजवल्या.

आणि आज सकाळी गल्लीच्या टोकाच्या घरी तिने नेहमीसारखी कडी वाजवली, थांबली, फाटकातून वाकून बघितलं. कुत्र्याचं भांडं दिसतंय का, कुरतडलेली चप्पल, साखळीने घासलेली जमीन? काहीच नव्हतं. घर नवीन भाडेकरूंचं होतं आणि भांडं धुऊन भिंतीवर पालथं वाळत घातलं होतं. ते तिने बघितलं, आणि तिला ते माणसाचंच वाटलं.

झाकण उचललं, काच पुसली, आणि मागे फरशीवर नखं वाजली. भुंकणारा कुत्रा परवडतो, त्याचं मन तरी कळतं. नखं नुसती जवळ येत होती. ती उठून वळली. काळा, खांद्याने रुंद, ओठ मागे ओढलेले. आणि कानात लेकीचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. हलू नकोस.

ती हलली नाही. तो गुरगुरत भोवती फिरला. तिला घोट्याशी ऊन श्वास लागला, मग गुडघ्याशी, मग बोटांशी. ओलं नाक तिच्या तळहाताला लागलं. आणि गुरगुरणं थांबलं. खरंच थांबलं. तिच्या डोळ्यांपुढे रेघ भरली. आता खायला द्यायचं! तिने पिशवीतला पाव काढायला हात घातला, पिशवीची चेन करकरली, आणि पुढचं तिला नीट आठवत नव्हतं. घरातली बाई धावत आली होती एवढं आठवत होतं. "अहो, त्याला सगळ्या लशी दिल्यात हो!" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, जणू तेवढ्याने चावलेलं परत घेता येणार होतं.

"आई, मी विचारतेय काहीतरी. कोणी शिकवलं?"

"जाऊ दे ना."

"सांग. त्याला जाऊन विचारते मी."

"तूच."

लेकीच्या हातातली कात्री थांबली.

"तू म्हणालीस हलू नकोस म्हणून. आणि तो थांबला होता गं. मीच घाई केली."

"तो खेळ होता, आई!" लेकीचा आवाज फाटला. "तिथे मी मागे होते. तुझं रक्त गेलं की मी बटण दाबत होते आणि ते भरत होतं. इथे माझ्याकडे कापूस आहे फक्त. कळतंय का तुला? कापूस!"

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा. खऱ्या साहेबांचा. "बाई, चार दिवस घ्या विश्रांती. पण त्यानंतर तीच गल्ली पुरी करावी लागेल. जमत नसेल तर तळघरातली जागा रिकामी आहे. फाटक्या गोण्यांतले जुने मीटर मोजायचे. तुम्हीच ठरवा."

"तळघर घे," फोन ठेवताच लेक म्हणाली.

आईने ते तळघर बघितलं होतं. खिडकी नाही, एक ट्यूबलाइट लुकलुकती, आणि दार बाहेरून लागतं. बाहेर दात, आत भिंती. तिला दोन्हींची भीती वाटत होती, पण भिंतींच्या आत एकदा गेलं की परत कुठल्याच फाटकाची कडी आपण वाजवणार नाही, हेही तिला दिसत होतं. मग रस्त्यात कोण म्हणणार होतं, मीटरबाई, या, पाणी प्या?

चार दिवस दोघी एकमेकींना चुकवून वावरल्या. कॉम्प्युटरवर फडकं टाकलेलं होतं. पाचव्या सकाळी आई उठली, बूट घातले, आणि एका हाताने नाडी बांधायला लागली. डावा हात मदतच करेना. लेक आली, खाली बसली, नाड्या बांधल्या आणि दारात आडवी उभी राहिली.

"मी येते. दुकानात सांगितलंय."

"नको."

"मी पुढे राहते. मी कडी वाजवते, मी आत जाते, तू लांबून आकडा वाच. तसंच असतं ना? एकाने पुढे व्हायचं असतं ना?"

आईच्या उजव्या हाताचं बोट आपोआप आत मिटलं, शिट्टीचं बटण दाबल्यासारखं.

"बोल की! आणि आला परत अंगावर, तर काय करशील? उभी राहशील? पळशील?"

तिला माहीत नव्हतं. तिने कोपऱ्यातली लेकीची चप्पल पायाने हळूच, लगेच सापडू नये अशी, कपाटाखाली सरकवली, आकडी पिशवीत घातली, पिशवीची चेन करकरू नये म्हणून मुद्दाम उघडी ठेवली, आणि लेकीच्या खांद्याला वळसा घालून बाहेर पडून दार मागे ओढून घेतलं.